शिवाजी पार्कच्या नावात दडलेलं १९२७

माझ्या पीएचडीचा विषय 'मुंबईतल्या सार्वजनिक जागांची नावं' हा आहे. हे सांगितलं की बहुतेकांची प्रतिक्रिया ठरलेली असते: "नावात कसलं आलंय संशोधन? शिवाजी पार्क म्हणजे शिवाजी महाराजांचं नाव. संपला विषय!"

तर आज हेच उदाहरण घेऊया. शिवाजी पार्कला नाव कुणाचं आहे हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण ते कधी दिलं, कुणाच्या आग्रहाने दिलं आणि नेमकं त्याच वर्षी का दिलं, हे तीन प्रश्न विचारले की तिथे रोज कट्ट्यावर बसणारी मंडळीही जरा थबकतात. आणि या प्रश्नांच्या मागे गेलं की एक मजेशीर गोष्ट हाती लागते. महाराजांची जी जन्मतारीख आज सरकारी कॅलेंडरवर छापलेली असते, ती तेव्हा सर्वमान्य असती, तर १९२७ साली या मैदानाला हे नाव देण्याचं निमित्तच उरलं नसतं.

आधी होतं माहीम पार्क

सुमारे २८ एकरांचं हे मैदान मुंबई महापालिकेने लोकांसाठी खुलं केलं ते १९२५ साली. तेव्हा त्याचं नाव होतं माहीम पार्क.

आज आपल्याला हे नाव थोडं विचित्र वाटतं, कारण शिवाजी पार्क म्हणजे दादर हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी माहीम हे एक बेट, आणि हा सगळा पश्चिमेचा पट्टा त्याच माहीमचा भाग. इथे नारळाच्या वाड्या होत्या, भातशेती होती, पलीकडे समुद्र. म्हणजे 'माहीम पार्क' हे नाव कुणाच्या सन्मानार्थ वगैरे दिलेलं नव्हतं. माहीममधलं पार्क म्हणून माहीम पार्क, इतका साधा हिशोब.

मग शहराच्या इतक्या उत्तरेला, वाड्यांच्या आणि शेतांच्या मधोमध एवढी मोठी मोकळी जागा कुणाला आणि का सुचली? त्यासाठी थोडं मागे, १८९६ मध्ये जावं लागतं. त्या वर्षी मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या, हवा-उजेड नसलेल्या वस्त्यांनी शहराची काय अवस्था होते हे त्या साथीने दाखवून दिलं. १८९८ मध्ये मुंबई सुधारणा ट्रस्टची स्थापना झाली आणि पुढच्या काही दशकांत दादर-माटुंग्याच्या बाजूला आखीवरेखीव वसाहती उभ्या राहिल्या. दादरची हिंदू कॉलनी, पारसी कॉलनी, माटुंग्याजवळची फाइव्ह गार्डन्स ही सगळी त्याच विचाराची लेकरं. रुंद रस्ते, ठरावीक उंचीच्या इमारती आणि मधे मोकळी जागा. ट्रेनच्या रुळांच्या पश्चिमेला महापालिकेने माहीम पार्क खुलं केलं ते याच ओघात. त्याच्या भोवतालच्या, कोपरे गोलाकार असलेल्या देखण्या इमारती बहुतांशी नंतरच्या, १९३० आणि ४०च्या दशकांतल्या. म्हणजे मैदान आधी आलं, नाव लगेच पाठोपाठ आलं, आणि आपण ज्याला 'शिवाजी पार्कचा परिसर' म्हणतो तो या दोघांच्या नंतर वसला. तिथे राहायला आलेली मराठी मध्यमवर्गीय कुटुंबं पहिल्या दिवसापासून 'शिवाजी पार्कला' राहायला आली. माहीम पार्क हे नाव बहुतेकांच्या तोंडी बसायलाही वेळ मिळाला नाही.

हे नामांतर नेहमीच्या साच्यातलं नाही

मुंबईतली नामांतरं म्हटलं की आपल्यासमोर एक साचा येतो. व्हिक्टोरिया टर्मिनसचं १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय झालं. राणीच्या बागेचं अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं. या सगळ्यांत समान काय? राज्य करून गेलेल्यांचं नाव काढायचं आणि आपलं नाव लावायचं. स्वातंत्र्यानंतर, स्वतःचं सरकार असताना.

शिवाजी पार्क या साच्यात बसत नाही. एक तर ते १९२७ मधलं आहे. इंग्रजांचं राज्य चांगलं भक्कम होतं, स्वातंत्र्याला अजून वीस वर्षं होती. दुसरं म्हणजे जे नाव गेलं ते कुठल्या राणीचं, राजपुत्राचं किंवा गव्हर्नरचं नव्हतं. माहीम हे तर इथलंच, शेकडो वर्षांचं जुनं नाव. त्यामुळे 'परक्यांच्या खुणा पुसण्यासाठी' हे कारण इथे लागू पडत नाही. मग काय घडलं?

अवंतिकाबाई

हे नाव दिलं गेलं ते नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने.

अवंतिकाबाईंचं नाव आज फारसं ऐकू येत नाही, म्हणून थोडी ओळख. जन्म १८८२. १९१७ मध्ये गांधीजी बिहारमधल्या चंपारणला नीळ पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या प्रश्नात उतरले. तिथल्या गावांत शाळा चालवायला त्यांनी बाहेरून माणसं बोलावली, आणि त्यांत मुंबईहून गेलेल्या अवंतिकाबाई आणि त्यांचे पती बबनराव गोखले होते. गांधीजींनी आत्मकथेत त्यांचा उल्लेख केलेला आहे. परत आल्यावर १९१८ साली अवंतिकाबाईंनी गांधीजींचं मराठीत चरित्र लिहिलं. त्याला प्रस्तावना कुणाची? लोकमान्य टिळकांची. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत हिंद महिला समाज सुरू केला.

१९२३ पासून त्या महापालिकेत होत्या. मुंबईच्या अगदी पहिल्या स्त्री-नगरसेवकांपैकी त्या एक. सरोजिनी नायडूही त्याच काळात महापालिकेत होत्या. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या जरा आधीच, १९२२ मध्ये, महापालिकेचा मतदार बदलला होता. त्याआधी मत असायचं ते मुख्यतः मालमत्ता असलेल्यांना. कायद्यातल्या दुरुस्तीनंतर ते मोठ्या प्रमाणावर भाडेकरूंपर्यंत पोचलं. चाळीत, भाड्याच्या खोलीत राहणारा कारकून, शिक्षक, छापखान्यातला माणूस आता महापालिकेच्या निवडणुकीत मोजला जाऊ लागला. राष्ट्रीय विचारांची माणसं सभागृहात बहुसंख्येने आली. मैदानाला काय नाव द्यायचं हे ठरवणाऱ्या सभागृहात आता बसत होते ते या नव्या मतदारांचे प्रतिनिधी.

म्हणजे 'शिवाजी पार्क' हे नाव शक्य झालं त्यामागे एक सरळ नागरी कारण आहे: मतदार यादी वाढली.

पण १९२७च का?

कारण १९२७ हे शिवाजी महाराजांच्या जन्माचं तीनशेवं वर्ष मानलं जात होतं. बखरींमधून चालत आलेली परंपरा अशी होती की महाराजांचा जन्म शके १५४९च्या वैशाख शुद्ध द्वितीयेला झाला, म्हणजे एप्रिल १६२७ मध्ये. चिटणीस बखरीत हीच तिथी आहे, आणि शाळेच्या पुस्तकांपासून शिवजयंतीच्या उत्सवापर्यंत तीच रूढ होती. त्यामुळे १९२७ साली त्रिशताब्दी आली. वैशाख शुद्ध द्वितीया त्या वर्षी ३ मे रोजी होती. ठिकठिकाणी उत्सव झाले. इतिहासकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्रिशताब्दीची स्मरणिका निघाली. आणि मुंबईत माहीम पार्कचं शिवाजी पार्क झालं.

हा प्रसंग नीट समजून घ्यायचा तर तोवर महाराजांच्या नावाभोवती काय काय घडून गेलं होतं ते बघायला हवं. १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी त्यांच्यावर पोवाडा लिहिला. त्यातले शिवाजी महाराज हे शेतकऱ्यांचे, कष्टकऱ्यांचे राजे. १८९६ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर शिवउत्सव झाला. त्यातले महाराज हे परकी सत्तेविरुद्ध उभे राहणारे. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा 'केसरी'मधला शिवउत्सवासंबंधीचा मजकूरच पुराव्यात होता. सरकारच्या दृष्टीने शिवाजी हे नाव तेव्हा धोक्याचं होतं.

आणि पुढे? नोव्हेंबर १९२१ मध्ये पुण्यातल्या शिवस्मारकाची कोनशिला कुणी बसवली तर प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे खुद्द इंग्लंडच्या युवराजाने! त्यामागे कोल्हापूरच्या शाहू महाराजांची खटपट होती. हेच युवराज काही दिवस आधी मुंबईत उतरले तेव्हा त्यांच्यावर बहिष्कार पडला होता आणि शहरात दंगली झाल्या होत्या. पुण्याच्या त्या स्मारकातला करमरकरांनी घडवलेला अश्वारूढ पुतळा १९२८ साली उभा राहिला, तोही मुंबईच्या गव्हर्नरच्या हस्ते अनावरण होऊन. चोवीस वर्षांत राजद्रोहाच्या पुराव्यापासून राजपुत्राच्या कोनशिलेपर्यंत. आपल्याकडे 'ब्रिटिशांना शिवाजी नको होते' असं एका वाक्यात सांगितलं जातं. गोष्ट तेवढी सोपी नाही.

खुद्द दादरमध्येही वातावरण शांत नव्हतं. १९२६ साली इथल्या सार्वजनिक गणेशोत्सवावरून मोठा वाद झाला. वर्गणी सगळ्यांची, मग पूजेचा मान ठरावीकांनाच का, हा प्रश्न प्रबोधनकार ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभा केला, आणि त्या वादात डॉ. आंबेडकरही होते. पुढच्या वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. महाड ते रायगड अंतर तुम्हाला माहीतच आहे. त्यानंतर दीड महिन्यात, ३ मे रोजी, बदलापूरच्या शिवजयंती उत्सवाचे अध्यक्ष होते तेच बाबासाहेब.

हे सगळं एकत्र ठेवून बघा. फुल्यांचे शिवाजी, टिळकांचे शिवाजी, शाहू महाराजांचे शिवाजी, आणि ज्यांना सार्वजनिक तळ्यावर पाणी पिऊ दिलं जात नव्हतं त्यांनाही आपले वाटणारे शिवाजी. १९२७ मध्ये हे चारही जण एका मांडवात बसले नसते. पण एका मैदानाच्या नावावर यांपैकी कुणाचाच आक्षेप असण्याचं कारण नव्हतं. मला वाटतं, या नावाची खरी ताकद इथे आहे. सार्वजनिक जागेचं नाव टिकतं ते त्याचा एकच अर्थ असतो म्हणून नाही. वेगवेगळ्या लोकांना त्यात आपापला अर्थ ठेवता येतो म्हणून टिकतं.

आता तारखेची गोष्ट

त्रिशताब्दी १९२७ मध्ये साजरी झाली. पण त्याच्या अकरा वर्षं आधीच, १९१६ मध्ये, एक कागद छापून आला होता: जेधे शकावली. कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातली ही नोंदवही टिळकांना मिळाली आणि ती पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत प्रसिद्ध झाली. शकावली म्हणजे साधी गोष्ट असते: अमुक शके, अमुक तिथी, अमुक घटना. वर्णन नाही, अलंकार नाहीत. म्हणूनच इतिहासकाराला ती बखरीपेक्षा जास्त विश्वासार्ह वाटते. या शकावलीत महाराजांचा जन्म शिवनेरीवर शके १५५१च्या फाल्गुन वद्य तृतीयेला, शुक्रवारी झाल्याची नोंद आहे. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. (ही तारीख तेव्हाच्या जुन्या ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे. आजच्या कॅलेंडरप्रमाणे मोजलं तर १ मार्च येते. पण तो वेगळ्याच लेखाचा विषय.)

एका कागदावर कुणी लगेच शतकभराची तिथी बदलत नाही, आणि बदलूही नये. दुसरा, स्वतंत्र पुरावा लागतो. तो मिळाला. महाराजांच्याच दरबारातल्या कवींद्र परमानंदाने संस्कृतात 'शिवभारत' लिहिलं होतं. तंजावरला सापडलेली त्याची प्रत स. म. दिवेकरांनी संपादित करून छापली, आणि त्यातही शके १५५१च्या फाल्गुन वद्य तृतीयेचाच उल्लेख निघाला. हे पुस्तक छापलं गेलं ते वर्ष कोणतं? १९२७! एकीकडे १६२७ धरून त्रिशताब्दीचे मांडव पडत होते, आणि दुसरीकडे त्याच वर्षी १६३०ला भक्कम करणारं पुस्तक छापखान्यातून बाहेर येत होतं. राजस्थानात मिळालेल्या एका कुंडलीनेही पुढे तीच तिथी दाखवली.

यानंतरही वाद मिटायला बरीच वर्षं गेली. १९६६ मध्ये राज्य सरकारने अभ्यासकांची समिती नेमली, तिच्यातही एकमत झालं नाही. शेवटी २००१ साली सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृत धरली. तिथीचा आग्रह धरणारे आजही आहेत, म्हणून काही ठिकाणी शिवजयंती दोनदा होते हे तुम्ही पाहिलं असेलच.

आता हिशोब करा. १६३० धरलं तर त्रिशताब्दी १९३० मध्ये येते. फाल्गुन वद्य तृतीया त्या वर्षी मार्चच्या मध्यावर होती, म्हणजे गांधीजी दांडीच्या वाटेवर चालत होते त्याच दिवसांत. पुढच्या महिन्यात मुंबईत मीठ तयार करून कायदा मोडायला जी सात जणांची पहिली तुकडी ठरली तिच्यात दोनच स्त्रिया होत्या. एक कमलादेवी चट्टोपाध्याय, दुसऱ्या अवंतिकाबाई गोखले. १९२७ साली सभागृहात बसून मैदानाला नाव देण्यासाठी आग्रह धरणाऱ्या बाई १९३० साली रस्त्यावर होत्या.

मग नाव 'चुकीच्या' वर्षी दिलं का?

हा प्रश्न मला बऱ्याचदा विचारला जातो. माझं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे. १९२७ मधल्या माणसांनी त्यांच्यासमोर रूढ असलेल्या तिथीप्रमाणे उत्सव केला. जागेचं नाव हा त्या नावाच्या व्यक्तीबद्दलचा पुरावा नसतोच. ते देणाऱ्यांबद्दलचा पुरावा असतो. शिवाजी पार्क या नावावरून सतराव्या शतकाबद्दल आपल्याला काही कळत नाही. पण १९२७ मधल्या मुंबईबद्दल खूप कळतं: कुणाला नव्याने मत मिळालं होतं, सभागृहात कोण बसायला लागलं होतं, कुठली तिथी लोकांच्या मनात पक्की होती आणि कुठलं नाव सगळ्यांना चालणार होतं.

नावाचे दोन शब्दही बघा. 'शिवाजी' आणि 'पार्क'. मैदानही नाही, बाग किंवा उद्यानही नाही. गंमत म्हणजे ते बागेसारखं पार्क कधीच नव्हतं, आहे ते मैदानच. पण माहीम गेलं तरी पार्क राहिलं. इंग्रजी अमदानीतल्या एका महापालिकेने मराठी आग्रहापोटी केलेला बदल, तो या दोन शब्दांच्या सांध्यात अजून दिसतो.

पुढे या नावात अर्थांची भरच पडत गेली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या प्रचंड सभा इथे झाल्या. १९६६ साली महाराजांचा अश्वारूढ पुतळा बसला आणि त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला शिवसेनेचा पहिला मेळावा झाला. दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारे लाखो लोक याच मैदानात मुक्काम करतात. दर रविवारी पांढऱ्या कपड्यांतली पोरं किट बॅग ओढत येतात, त्यांच्यासाठी तर 'पार्क' म्हणजे फक्त क्रिकेट. २०२० मध्ये महापालिकेने नावाचा विस्तार करून 'छत्रपती शिवाजी महाराज पार्क' असं केलं. हाही आता नावाच्या इतिहासातला एक थर आहे, आणि शंभर वर्षांनी कुणीतरी त्यावरून २०२० मधल्या मुंबईबद्दल काहीतरी वाचेल.

आज आपल्याकडे नाव बदलण्याच्या मागण्या रोज होतात. चौक, पूल, स्टेशन, शहरं. त्यात वाद होतो तो एकाच प्रश्नावर: नाव कुणाचं? मला वाटतं, आणखी तीन गोष्टी विचारायची सवय आपण लावून घ्यायला हवी. जे नाव जातंय ते कुठून आलं होतं? नवं नाव कोण सुचवतंय? आणि आत्ताच का? हे विचारणं म्हणजे विरोध करणं नव्हे. उलट हे प्रश्न न विचारल्यामुळेच शिवाजी पार्कच्या बाबतीत आपण माहीम विसरलो, १९२७ विसरलो आणि मुख्य म्हणजे अवंतिकाबाईंना विसरलो. आपल्या सर्वांत लाडक्या राजाचं नाव शहराच्या सर्वांत लाडक्या मैदानाला मिळालं ते एका बाईच्या आग्रहाने, आणि तेही बायका महापालिकेत नुकत्याच शिरल्या होत्या तेव्हा. ही गोष्ट प्रत्येक शाळेच्या सहलीत सांगण्याजोगी आहे.

तुमच्या घराजवळच्या बागेची पाटी एकदा या नजरेने वाचून बघा. त्यावर नाव असेल, बहुधा उद्घाटनाची तारीख असेल, मान्यवरांची लांबलचक यादीही असेल. ते नाव कुणी सुचवलं आणि त्याआधी त्या जागेला लोक काय म्हणायचे, हे मात्र तिथे सहसा नसतं. ते वस्तीतल्या एखाद्या आजी-आजोबांना विचारा आणि लिहून ठेवा. माझ्यासारख्या कुणाच्या तरी पन्नास वर्षांनी नक्की कामाला येईल.